रामटंका कसा ओळखावा?

आषाढीच्या वाटचालीत माउलींची पालखी वेळापुरास असता आमच्या राहुटीत एक माळकरी गृहस्थ आले. बालाघाटाच्या बाजूचे कोरडवाहू शेतकरी. आमच्याच दिंडीत बावीस वर्षे चालतात. हरिपाठ झाला होता, पंगत अजून बसावयाची होती. त्यांनी कमरेची पिशवी सोडली, तांबड्या फडक्याची गाठ उकलली आणि दोन वाटोळे तुकडे आमच्या हातावर ठेवले. एक पिवळा, एक काळपट पांढरा. म्हणाले, "महाराज, एवढं बघून सांगा. हे खरं का खोटं?"

आम्ही विचारले, "खरे-खोटे कशासाठी हवे आहे?" तेव्हा हळूहळू सगळे बाहेर आले. तालुक्याच्या गावी कोणी एक मनुष्य भेटला. त्याने मोबाइलवर फोटो काढून घेतला आणि सांगितले की, हे पिवळे मारुतीचे नाणे १८१८ सालचे आहे, त्याच्यात तांदूळ ओढण्याची शक्ती आहे, परदेशी गिऱ्हाईक चाळीस लाख देईल. मात्र त्याआधी 'परीक्षा' व्हावयास हवी आणि तिची फी ऐंशी हजार. त्यांतले पंचवीस हजार देऊन झाले होते. मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले. उरलेल्यासाठी वारीहून परतल्यावर रान गहाण टाकावयाचे, असा बेत. मंडळी मागे उभ्या होत्या. त्या काही बोलत नव्हत्या, पदराचे टोक चाळवीत होत्या.

असे तुकडे आपल्या पुष्कळ वारकरी घरांतून आहेत, म्हणून त्या रात्री त्यांना जे सांगितले ते येथे जरा विस्ताराने लिहितो.

पहिली गोष्ट शब्दाची. 'टंक' हा संस्कृत शब्द. टंक म्हणजे दगड फोडावयाची छिन्नी, आणि टंक म्हणजे ठसा मारलेले नाणेही. टंकशाला म्हणजे आपली टांकसाळ, पाथरवटाची टाकी त्याच कुळातली, आणि देवघरातला टाकही त्याच घरचा असावा असे आम्हांस वाटते. रामाची मूर्ती ठसविलेला तो रामटंका. कोणी रामटका म्हणतात, कोणी नुसते 'रामाचे नाणे'. पण नाणे हे नाव येथे सैल अर्थाने आहे. नाणे म्हणजे राजाने पाडलेले, वजन ठरलेले, बाजारात चालणारे. रामटंका बाजारात चालण्यासाठी कधीच नव्हता. तीर्थक्षेत्री देवळाच्या आसपासचे सोनार व कासार असे तुकडे पाडीत. यात्रेकरू ते घेऊन घरी येत, देव्हाऱ्यात ठेवीत, लक्ष्मीपूजनास मांडीत, लेकीच्या ओटीत घालीत. सोन्याचे थोडे, चांदीचे पुष्कळ, पितळेचे व तांब्याचे तर उदंड. म्हणून ओळखीची पहिली खूण हीच की, तुकड्यावर राजाचे नाव नाही, टांकसाळीचे नाव नाही, किंमत नाही. शिवछत्रपतींची शिवराई घ्या. एका अंगास 'श्री राजा शिव', दुसऱ्या अंगास 'छत्रपति'. चित्र मुळीच नाही, नुसती अक्षरे. ते नाणे. रामटंक्यावर चित्रच सर्व काही.

टाक आणि टंका यांतही गल्लत होते. टाक बहुधा पातळ पत्र्याचा, मागून ठोकून पुढे उठाव आणलेला, पाठ पोकळ. खंडोबा घोड्यावर, मांडीपाशी म्हाळसा, खाली कुत्रा; नाहीतर भवानी, नाहीतर घरातला वीर. टाक कुळाचा असतो, घराच्या कुळाचाराशी बांधलेला. टंका दोन्ही अंगांनी ठसलेला, भरीव, आणि कोणाच्याही घरचा.

आता चित्राकडे वळू. पांढरा तुकडा आम्ही कंदिलाजवळ धरला. चांदीचा, जुन्या रुपयाएवढा, वर कडी डकविल्याची खूण. एका अंगास राज्याभिषेकाचा देखावा. मधोमध सिंहासनावर दोन मूर्ती, डोक्यावर छत्र, बाजूंना उभे सेवक, खाली गुडघे टेकलेला एक. तोंडे घासून सपाट झालेली. अशा वेळी ओळखावे कसे? त्यासाठी आपल्यापाशी ध्यान आहे. रामरक्षेत रामाभोवतीची मंडळी कोठे उभी आहेत ते सांगितलेले आहे: उजवीकडे लक्ष्मण, डावीकडे जानकी, पुढे मारुती. हे डावे-उजवे देवाचे, पाहणाराचे नव्हे. म्हणजे तुकडा आपल्या समोर धरला की सीता आपल्या उजव्या हातास दिसावयास पाहिजे. भरत-शत्रुघ्नांकडे चवऱ्या असतात, छत्र बहुधा लक्ष्मणाकडे. आणि खाली हात जोडून बसलेला, ज्याचे शेपूट वळून वर गेले आहे, तो आपला दास मारुती. तोंड पुसले गेले तरी शेपूट राहते! आमच्या लहानपणी पाठशाळेत गुरुजी म्हणत की, ज्यास ध्यान पाठ आहे त्यास मूर्ती अंधारातही दिसते. त्यांना हे तुकडे ठाऊक नसावेत, पण गोष्ट खरी निघाली.

कित्येक तुकड्यांवर मात्र सीता उलट बाजूस आढळते आणि मग घरात शंका येते की, हे दुसरेच कोणी दैवत की काय. येथे कारागिराची बाजू समजून घ्यावयास हवी. ठसा मारावयाचा साचा उलटा कोरावा लागतो, तेव्हा चित्र सुलटे उमटते. कारागीर विसरला, किंवा पुढ्यातल्या तुकड्याकडे पाहून जसेच्या तसे कोरीत गेला, की डावे उजवे होते. खूण अक्षरांत सापडते. त्याच अंगावरची अक्षरे आरशातल्यासारखी उलटी असली तर चित्रही उलटे झाले असे खुशाल समजावे. दुसरे कित्येक तुकडे ठसलेले नसून ओतलेले असतात. एखादा जुना तुकडा मातीत दाबून त्यात रस ओतावयाचा. त्यांच्या रेषा बोथट, अंगावर बारीक बुडबुड्यांचे खळगे, आणि धातू निवताना आकसतो म्हणून मूळच्यापेक्षा किंचित लहान.

दुसऱ्या अंगास आमच्या पाहुण्याच्या तुकड्यावर दोन धनुर्धर उभे होते, राम आणि लक्ष्मण. एका अंगास सिंहासन, दुसऱ्या अंगास वनवास. एका तळहातात दोन्ही मावतात. काही तुकड्यांवर या जागी मारुती द्रोणागिरी घेऊन उडालेला असतो, एका हातात पर्वत, एका हातात गदा. या धनुर्धरांभोवती अक्षरे असतात आणि त्यांनी फार घोटाळा केला आहे. अक्षरे नागरी असतात, पण काना, वेलांटी, उकार बहुतेक गळालेले, शब्द एकमेकांस चिकटलेले. राम, लछमन, जानकी यांची नावे आणि शेवटी हनुमानाचा जयकार, उत्तरेकडे देवळातून करतात तो. मात्रा गळाल्या की शेवट 'हनमनक' असा वाचला जातो. परभणीकडे एक आजोबा 'हनमनक' हा बीजमंत्र समजून त्याचा जप करीत. आम्ही त्यांस उलगडून सांगितले तेव्हा हसले आणि म्हणाले, "म्हंजे मी मारुतीचंच नाव घेत होतो की!" त्यांच्या म्हणण्यास आमच्या व्याकरणापाशी उत्तर नव्हते.

अंकांविषयी तर फारच सावध असावे. संवत् १७४० हा आकडा कितीतरी तुकड्यांवर दिसतो. विक्रम संवत् १७४० म्हणजे इसवी सन १६८३-८४. पण निरनिराळ्या हातांनी, निरनिराळ्या धातूंत केलेल्या तुकड्यांवर तोच आकडा पुनःपुन्हा यावा याचा अर्थ एवढाच की, एकाने कोरला आणि बाकीच्यांनी तो चित्राचाच भाग समजून उतरविला. आकड्यावरून वय ठरवू नये. काही तुकड्यांवर चित्राऐवजी नऊ घरांचे यंत्र असते. वरच्या ओळीत आठ, एक, सहा. मधल्या ओळीत तीन, पाच, सात. खालच्या ओळीत चार, नऊ, दोन. आडवे, उभे, तिरपे कसेही मोजा, पंधराच भरतात. त्यास भिण्याचे कारण नाही. मुलांना बेरीज शिकवावयास उत्तम आहे.

येथे आमची एक चूक सांगणे प्राप्त आहे. तीस-बत्तीस वर्षांपूर्वी एका गावी सप्ताहात असाच चांदीचा रामटंका यजमानांनी दाखविला. आम्ही तरुण, नुकतेच पाठशाळेतून बाहेर पडलेले, अंगात विद्या मावत नव्हती. ज्ञानेश्वरीच्या समाप्तीत रामचंद्र यादवाचा उल्लेख आहे हे सर्वांस ठाऊक. शके १२१२, म्हणजे सन १२९०, हा तो काळ. आम्ही कीर्तनात उभे राहून बेधडक सांगून टाकले की, हे नाणे त्याच रामदेवरायाचे, माउलींच्या काळचे. सभा गहिवरली. पुढे काय झाले? त्या घरात दोघे भाऊ वाटणीस बसले, तेव्हा घर वाटले गेले, रान वाटले गेले, आणि 'माउलींच्या काळचे नाणे' कोणी सोडीना. कज्जा कोर्टापर्यंत गेला. भावांचे बोलणे बंद झाले. आणि आम्हांस हे कळले चार वर्षांनी.

रामदेवरायाचे खरे नाणे कसे असते ते आम्हांस अंजनेरीस समजले. नाशिकहून त्र्यंबकेश्वरास जाताना अंजनेरी लागते. पौष वद्य एकादशीस निवृत्तिनाथांच्या यात्रेस जाणारांच्या ही पायाखालची वाट. मारुतीचे जन्मस्थान म्हणून डोंगर प्रसिद्ध आहे, आणि त्याच गावी १९८० पासून नाण्यांच्या अभ्यासाची संस्था आहे, संग्रहालयही आहे. तेथे एका जाणत्या माणसाने आम्हांस सोप्या शब्दांत सांगितले. यादवांचे नाणे सोन्याचे, त्यास पद्मटंक म्हणतात. वजन सुमारे पावणेचार ग्रॅम. वाटीसारखे खोलगट, मधोमध कमळ, भोवती 'श्री'कार आणि राजाचे नाव यांचे वेगवेगळे ठसे, पाठ कोरी. रामचंद्राच्या नाण्यावर 'श्रीराम' अशी अक्षरे येतात, पण ते राजाचे नाव, देवाचे नव्हे. सिंहासन नाही, सीता नाही, मारुती नाही. आमचा चांदीचा, सपाट, दोन्ही अंगांनी चित्रांचा टंका आणि हे कमळ यांचा काही संबंध नव्हता. आम्ही त्या गावी पुन्हा गेलो, त्याच मंडपात उभे राहून चूक कबूल केली. भाऊ दोघेही आले होते, मंडपाच्या दोन टोकांस बसले होते. आमच्या कबुलीने त्यांचे बोलणे सुरू झाले असे म्हणता येत नाही.

देवाचे चित्र असलेली खरी राजनाणी मुळीच नव्हती असेही समजू नये. विजयनगरच्या कृष्णदेवरायाच्या सोन्याच्या नाण्यावर हातात लोणी घेतलेला बाळकृष्ण बसलेला आहे. ज्या राजाने विठ्ठलमूर्ती नेली आणि भानुदास महाराजांनी ती परत आणली असे आपण सांगतो, तोच हा कृष्णदेवराय. तालिकोटच्या लढाईनंतर, म्हणजे १५६५ नंतर, तिरुमलरायाने पाडलेल्या नाण्यावर राम-सीता बसलेले आणि लक्ष्मण उभा आहे. आणि अकबर बादशहाने आपल्या अखेरच्या काळात, १६०४-०५ च्या सुमारास, राम व सीता यांचे नाणे पाडले होते. राम धनुष्य घेऊन पुढे चालला आहे, मागे सीता, वर नागरीत 'राम सीय'. ती आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. ही सगळी नाणी लहान, विजयनगरची तर बोराच्या बीएवढी. हातभर रुंदीच्या थाळीत मिरवावे असे मोठे, जड, ठळक चित्रांचे जे काही असेल ते बहुधा यांतले नव्हे. कोणाच्या नांगरास खरेच पुरलेले काही लागले, तर मात्र फडक्यात बांधून ठेवू नये. १८७८ चा निखात निधीचा कायदा आजही आहे. दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा जमिनीत सापडला तर जिल्हाधिकाऱ्यास कळवावे लागते.

दुसऱ्यांची दैवते आपली समजण्याचाही एक गोड प्रकार होतो. पंजाबात केलेल्या तुकड्यांवर गुरू नानक बसलेले असतात, एका बाजूस बाला, दुसऱ्या बाजूस रबाब वाजविणारा मर्दाना. मागल्या अंगास गुरू गोविंदसिंग, हातावर ससाणा. घुमानच्या यात्रेहून आणलेला असा तुकडा एका ताईंनी 'तुकोबाराय आणि टाळकरी' म्हणून पूजेस लावला होता. नामदेवरायांची वाणी ज्यांच्या ग्रंथात आहे त्यांच्या गुरूंची पूजा वारकऱ्याच्या घरी घडली, यात बिघडले काय? त्यांना नाव मात्र बरोबर सांगून आलो. आणि पुतळ्यांच्या माळेतली पुतळी! ती मुळात व्हेनिस या दूरच्या शहराची मोहोर. तिच्यावर तेथला राजप्रमुख गुडघे टेकून त्यांच्या संताकडून ध्वज घेत आहे, आणि मागे लांबट वलयात येशू उभा आहे. आपल्या सोनारांनी तिच्या नकला करताकरता रूपे बदलून टाकली. एका आजीबाई आम्हांस म्हणाल्या, "पताका घेतलेला वारकरी हाय, इठोबाच्या पाया पडतुया." ध्वज तिने बरोबर पाहिला होता.

आता तो पिवळा तुकडा. पितळेचा, एका अंगास उडता मारुती, दुसऱ्या अंगास इंग्रजीत ईस्ट इंडिया कंपनी, अर्धा आणा, १८१८. असेच १६१६ आणि १७१७ या सालांचेही मिळतात. राम दरबार, लक्ष्मी, गणपती, हवे ते चित्र. यांतले एकही कंपनीने पाडलेले नाही. कंपनीचा कारभार आधी बंगाल, मद्रास, मुंबई असा वेगवेगळा होता आणि नाणीही वेगवेगळी. मद्रासच्या काही नाण्यांवर विष्णू आणि गोपूर आहे हे खरे. पण सर्व मुलखास एक नाणे झाले ते १८३५ साली. रुपयावर विल्यम राजाचे डोके, तांब्याच्या अर्ध्या आण्यावर कंपनीची ढाल आणि तिला धरलेले दोन सिंह. मारुती नाही. १८१८ साल या तुकड्यांवर का, याचे उत्तर आम्हांस इतकेच सुचते की, ते साल मराठी माणसाच्या ध्यानात पेशवाईच्या अखेरीमुळे पक्के आहे, आणि ते मोजावयासही सोपे.

"पण महाराज, तांदूळ चिकटले की! मी डोळ्यांनी बघितले." आम्ही म्हणालो, बरे, येथेच पाहू. कोठीतून मूठभर तांदूळ मागविले, ताटलीत पसरले, तुकडा वर धरला, खाली टेकवला, हलवला. एक दाणा उचलला गेला नाही. आमच्या दिंडीतला भोंगेवाला हुशार मुलगा आहे. त्याने बिघडलेल्या कर्ण्यातला लोहचुंबक आणला. तोही पितळेस लागेना. मग त्याने दाण्यांना थोडा डिंक लावून त्यांवर लोखंडाचा कीस भुरभुरविला, तुकड्यामागे बोटांत चुंबक लपविला, आणि काय सांगावे, दाणे टपाटप उड्या मारून तुकड्यास बिलगले! पंगतीस बसलेली मंडळी उठून पाहावयास आली. तांब्या-पितळेस चुंबक ओढत नाही आणि तांदळास तर काहीच ओढत नाही. ओढले जाते ते लोखंड, आणि ओढणारा हात पाठीमागे असतो. आमचे पाहुणे बराच वेळ ताटलीकडे पाहत राहिले. पोरांना हसू येत होते, त्यांना आम्ही गप्प केले.

तेव्हा प्रथमच त्यांच्या मंडळी बोलल्या. "माझी सासू चाळीस वर्षं ह्यांला हळदकुंकू वाहत होती. मग आता देवघरातून काढायचं का?"

खरे सांगावयाचे तर दिवसभराच्या चालण्यात इतका अवघड प्रश्न आम्हांस कोणी विचारला नव्हता. आम्ही म्हणालो: माउली, हा तुकडा नाणे म्हणून खोटा आहे. अर्धा आणा खोटा, साल खोटे, कंपनी खोटी. पण तुमच्या सासूबाईंनी अर्ध्या आण्यास हळदकुंकू वाहिले होते काय? त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हते. त्यांनी वाहिले ते मारुतीस. शाळिग्राम म्हणजे गंडकीतला दगड, बाण म्हणजे नर्मदेतला. त्यांचे साल कोणी पाहत नाही. उपासनेस प्रतिमा लागते, पावती लागत नाही. मात्र ज्या दिवशी त्यास चाळीस लाख किंमत लागली त्या दिवशी तो देव्हाऱ्यातून उठला आणि पिशवीत गेला. हे तुमच्या घरात घडले, त्याचे काय ते तुमचे तुम्ही पाहा. हे आम्ही जरा कठोर बोललो. गृहस्थांनी मान खाली घातली. पण बाई म्हणाल्या, "ते बोलले बरं झालं."

चांदीच्या टंक्याविषयी त्यांना सांगितले की, तो शंभर-सव्वाशे वर्षांचा असू शकेल, पण वय नुसत्या डोळ्यांनी ठरत नाही. चांदीपेक्षा थोडी अधिक किंमत येईल, लाख येणार नाहीत. चिंच-रांगोळीने घासू नये. तसल्याच घासण्याने रामाचे तोंड गेले आहे. कोमट पाणी आणि मऊ फडके पुरे. कडी पुन्हा डकवू नये, उष्णतेने उठाव बिघडतो.

पौर्णिमेस गोपाळपुरी काला झाल्यावर ते परत गेले आणि तेथूनच थेट ठाण्यात गेले, तक्रार दिली. रान गहाण पडले नाही. पंचवीस हजार अजून मिळालेले नाहीत. त्या मनुष्याचा मोबाइल बंद आहे. पिवळा तुकडा पोलिसांनी पंचनामा करून मुद्देमाल म्हणून जमा करून घेतला. कार्तिकीस मंडळी पंढरपुरात भेटल्या. चांदीचा राम देव्हाऱ्यात परत बसला आहे, म्हणाल्या. लग्नाची तारीख पुढे गेली. मग विचारू लागल्या, "महाराज, आमचा मारुती कधी सुटायचा?" आम्ही त्यांच्या वतीने कोर्टास द्यावयाचा अर्ज लिहून दिला आहे. त्यात वस्तूचे वर्णन करण्याच्या जागी आम्ही आधी 'बनावट नाणे' असे लिहिले होते. बाईंनी ते वाचून घेतले आणि खोडावयास लावले. आता तेथे 'पितळी मारुती, देवघरातील, एक नग' असे आहे.